किल्ली कुणाच्या हाती? घर आणि गाडीच्या नात्याची शंभर वर्षं



आज आम्ही तुम्हाला घर आणि गाडी यांची गोष्ट सांगणार आहोत. गाडी म्हणजे चारचाकी, मोटार. तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, आमच्या दारात चारचाकी नाही, मग ही गोष्ट आम्हाला कशाला? जरा थांबा. तुमच्या विहिरीवरची मोटार घरी बसून मोबाईलवरून चालू होते ना? घर एकीकडे, यंत्र दुसरीकडे, आणि मधे एक फोन. विहिरीवरची मोटार काय आणि रस्त्यावरची मोटार काय, दोघींची गोष्ट एकाच जातीची आहे.

आज जगात अशी घरं आहेत, जिथं माणूस गाडीत बसून घरातला दिवा लावतो, स्वयंपाकघरात उभं राहून अंगणातल्या गाडीचं दार बंद करतो, आणि लाईट गेली तर गाडीच्या बॅटरीवर घर चालवतो. हे एका दिवसात झालेलं नाही. त्याला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. तो इतिहास उलगडताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: किल्ली कुणाच्या हाती? पूर्वी घरातली कर्ती बाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचायची. कोठार, पेटी, कपाट, सगळं त्या जुडग्यात. आता किल्ली लोखंडाची राहिली नाही. ती कधी बटणात असते, कधी फोनमध्ये. म्हणून तर ती कुणाकडे आहे हे चटकन दिसत नाही.

बायकांची म्हणून विकलेली गाडी

सन १९०० च्या सुमाराची अमेरिका डोळ्यांसमोर आणा. तेव्हा पेट्रोलची गाडी चालू करायची तर पुढून लोखंडी हँडल घालून जोरानं फिरवावं लागायचं. हँडलनं उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. शेतावरचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून चालू करताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सांगायला नको.

त्याच काळात विजेवर चालणाऱ्या गाड्याही होत्या. हँडल नाही, धूर नाही, फटफट नाही. कंपन्यांनी त्या मुख्यतः बायकांसाठी म्हणून विकायला काढल्या. गंमत बघा, पेट्रोलच्या गाड्या लाखांनी बनवणारे हेन्री फोर्ड, त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची १९१४ सालची विजेची गाडी चालवायच्या.

ही गाडी घरीच चार्ज व्हायची. पण त्यात एक अडचण होती. बऱ्याच घरांत यायची ती उलटसुलट वाहणारी वीज, आणि बॅटरीला लागते एकाच दिशेनं वाहणारी. त्यासाठी पीटर कूपर ह्युइट या अमेरिकन संशोधकानं १९०२ साली शोधलेलं एक उपकरण कामी आलं. काचेचा मोठा फुगा, आत पाऱ्याची वाफ, चालू झाला की निळसर उजेड. असा फुगा गाडीच्या खोलीत बसवायचा, तार लावायची आणि सकाळपर्यंत गाडी तयार. घर आणि गाडी पहिल्यांदा जोडली गेली ती या तारेनं. वीज जायची एकाच बाजूला, घरातून गाडीकडे.

पुढे १९१२ साली कॅडिलॅक कंपनीच्या पेट्रोल गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला. हँडल मारायची कटकट संपली. पेट्रोलची गाडी लांब जायची आणि स्वस्तही झाली. हळूहळू विजेची गाडी मागे पडली. घर आणि गाडीमधली ती तार सुटली, ती पुन्हा जोडली जायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

दार उघडणारं बटण

तार सुटली तरी नातं सुटलं नाही. ते दाराच्या रूपानं पुढं आलं. अमेरिकेत घराला लागूनच गाडी ठेवायची खोली असते. तिला ते गॅरेज म्हणतात. आपल्याकडचं दुरुस्तीचं गॅरेज ते नव्हे. सी. जी. जॉन्सन या गृहस्थांनी १९२१ साली या खोलीसाठी वर उचललं जाणारं दार बनवलं, आणि १९२६ साली ते विजेवर उघडेल अशी सोय केली. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ लहरींनी दार उघडणारी यंत्रं घरोघर पसरू लागली. पावसात गाडीतून उतरायला नको. गाडीतून बटण दाबलं की दार वर.

ही पहिली बिनतारी किल्ली. तिच्यात पहिल्यापासून एक खोट होती. सुरुवातीच्या यंत्रांची लहर एकसारखीच असायची. शेजाऱ्यानं बटण दाबलं की त्याच्याबरोबर आपलंही दार उघडायचं. मग यंत्रात छोटे छोटे खटके आले. ते वरखाली करून प्रत्येकानं आपला वेगळा आकडा ठरवायचा. पण आकडा एकदा ठरला की रोज तोच. ती लहर कुणी हवेतून टिपून ठेवली तर दुसऱ्या दिवशी त्याच्याही हातात किल्ली.

यावर तोडगा निघाला १९९० च्या दशकात. दर वेळी बटण दाबलं की नवा आकडा जायचा, आणि कालचा आकडा आज चालायचा नाही. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. बँकेतून पैसे पाठवताना मोबाईलवर येतो तो ओटीपी आठवा. एकदा वापरला की निकामी. बिनतारी कुलपाचं तत्त्व तेच आहे.

त्याच सुमारास होमलिंक नावाची सोय आली. दार उघडायचं बटण गाडीतच बसवलेलं, आरशाजवळ किंवा ऊन अडवायच्या फळीवर. हातात वेगळं यंत्र धरायला नको. पण यातून नवा प्रश्न आला. गाडी विकली तर? बटणात आपल्या घराचा आकडा साठवलेला असतो. तो पुसून टाकला नाही तर गाडीबरोबर घराची किल्लीही परक्याच्या हातात जाते. आपण घर सोडताना कुलूप बदलतो, जुना मोबाईल विकताना फोटो पुसतो. यंत्राचंही तसंच आहे. ते आपणहून विसरत नाही, त्याला विसरायला लावावं लागतं.

या दारानं माणसांचे जीवही घेतले, आणि ते बहुतेक लहान मुलांचे होते. जड दार वरून खाली येतंय, मुलं खेळता खेळता खालून पळतायत. अमेरिकेत अशी कितीतरी मुलं दाराखाली सापडून गेली. शेवटी १९९० साली तिथल्या संसदेनं कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक यंत्रात, दाराखाली काही आलं तर दार आपोआप मागे फिरलंच पाहिजे. बायांनो, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. सोय आधी आली, कायदा मागून आला, आणि मधल्या वर्षांची किंमत मुलांनी मोजली.

दुसरा धोका डोळ्यांना दिसणारा नव्हता. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या आल्या आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करायची सवय गेली. इंजिनाचा आवाजही कमी झाला. काही माणसं गाडी चालूच ठेवून घरात झोपायला गेली. इंजिनाचा विषारी वायू गॅरेजमधून घरात शिरला आणि ती सकाळी उठली नाहीत. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब गुदमरल्याच्या बातम्या आपण ऐकतो. वायू तोच, त्याला ना रंग ना वास.

घराला आलेलं शहाणपण

गाडीकडे बटण आलं, तसं घराच्या आतही काही घडत होतं. १९६९ साली अमेरिकेतल्या नीमन मार्कस या श्रीमंती दुकानानं आपल्या यादीत स्वयंपाकघरासाठी संगणक ठेवला. हनीवेल कंपनीचा. किंमत दहा हजार डॉलरहून जास्त. तो म्हणे जेवणाचा बेत ठरवणार. पण त्याच्याशी बोलायचं तर खटके वरखाली करायचे आणि दिव्यांच्या उघडझापीतून उत्तर ओळखायचं. त्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागणार होतं. एकही विकला गेल्याची नोंद नाही. रोज दोन वेळा चूल पेटवणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, की बेत मला सुचतो, भांडी कोण घासणार ते बोला.

पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं एक्स-टेन नावाची पद्धत काढली. घरात वायरिंग असतंच. त्याच वायरमधून विजेबरोबर छोटे संदेश पाठवायचे. एका खोलीत बटण दाबलं की दुसऱ्या खोलीतला दिवा लागतो. नवी तार ओढायला नको. आज ज्याला स्मार्ट घर म्हणतात त्याची ही पणजी. आता घराला बाहेरचं सांगणं कळू लागलं होतं. गाडीला कळायचं बाकी होतं.

गाडीनं घराला वीज दिली

ती तार पुन्हा जोडली गेली एका मोठ्या संकटातून. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भयानक भूकंप झाला आणि मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या. फुकुशिमाचं अणुवीज केंद्र बिघडलं. पेट्रोलसाठी रांगा लागल्या. बऱ्याच ठिकाणी पेट्रोलच्या आधी वीज परत आली. तेव्हा निसान आणि मित्सुबिशी या कंपन्यांनी आपल्या विजेवरच्या गाड्या मदतकामाला पाठवल्या.

त्यातून लोकांना एक साधी गोष्ट सुचली. गाडीच्या बॅटरीत एवढी वीज भरलेली असते, मग घरात अंधार कशाला? २०१२ साली निसाननं निचिकॉन या कंपनीच्या यंत्राच्या मदतीनं लीफ नावाच्या गाडीची वीज घराला देण्याची सोय विकायला काढली. त्या गाडीच्या बॅटरीत २४ युनिट वीज मावायची. युनिट म्हणजे आपल्या लाईटबिलावर असतं तेच. जपानी घराला ती साधारण दोन दिवस पुरायची. आपल्या एखाद्या घरात दोन-चार दिवे, पंखा आणि टीव्ही मिळून रोज तीन युनिट लागत असतील, तर तेवढ्यात आठ दिवस निघतील.

यात एक गोष्ट नीट समजून घेऊ या. लाईट गेलेली असताना आपण घरात दुसरीकडून वीज सोडली, तर ती मीटरमधून उलटी खांबावरच्या तारांत जाऊ शकते. खांबावर वायरमन चढलेला असेल तर त्याचा जीव जाईल. म्हणून आधी घर बाहेरच्या लाईनपासून तोडायचं आणि मगच गाडीची वीज घरात घ्यायची. जपानी यंत्राची व्यवस्था अशीच बांधलेली असते. आपल्याकडे जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवतात तो याचसाठी. तो न बसवता नुसती वायर खोचणं म्हणजे कुणाच्या तरी लेकराच्या बापाशी खेळ.

सप्टेंबर २०१९ मध्ये जपानच्या चिबा भागात चक्रीवादळ आलं. नऊ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. तेव्हा विजेवरच्या गाड्या गावोगाव नेऊन उभ्या केल्या. त्यांच्यावर पंखे फिरले, दिवे लागले, फोन चार्ज झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात हिमवादळ आलं, लाखो घरं अंधारात गेली आणि दोनशेहून जास्त माणसं दगावली. काही जण ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये पेट्रोलची गाडी चालू करून बसले आणि वायूनं गेले. त्याच राज्यात ज्यांच्याकडे वीज देणारा सॉकेट असलेला फोर्डचा नवा ट्रक होता, त्यांनी तो उघड्यावर उभा करून वायर घरात घेतली. गाडी दोन्हीकडे होतीच. फरक पडला तो गाडी कुठं उभी होती आणि वीज बाहेर देण्याची सोय होती का, याचा.

एक घर, दोन फोन

जानेवारी २०१७ मध्ये फोर्ड आणि अमेझॉन यांनी मिळून गाडी आणि घर यांना बोलतं केलं. घरात बसून आवाज द्यायचा, गाडी चालू होते. गाडीतून आवाज द्यायचा, घरातला दिवा लागतो. इतरही कंपन्या याच वाटेनं गेल्या. आता सगळं एका फोनमध्ये: घराचं दार, दिवे, कॅमेरा, गाडी, गाडी कुठं उभी आहे तो नकाशा.

हा फोन कुणाचा? इथं आमच्या गोष्टीला दुखरी बाजू लागते. जून २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्रानं अमेरिकेतल्या छळ सोसणाऱ्या बायकांच्या हकिगती छापल्या. एकीच्या घरातला एसी आपोआप बंद व्हायचा. दुसरीच्या दाराच्या कुलपाचा आकडा रोज बदलायचा. तिसरीच्या दाराची घंटा वाजायची आणि बाहेर कुणी नसायचं. हे भूत नव्हतं. घरात यंत्रं बसवली होती ती नवऱ्यानं किंवा जोडीदारानं, आणि त्याच्या फोनमध्ये सगळ्याची किल्ली होती. माणूस घरातून गेला तरी त्याचा हात घरातच राहिला होता.

डिसेंबर २०२३ मध्ये त्याच वर्तमानपत्रानं गाडीबद्दल लिहिलं. नवऱ्यापासून दूर झालेली बाई कुठं जाते, हे नवरा गाडीच्या ॲपवर बघत होता. तिच्याकडे कोर्टाचा आदेश होता. तरी गाडीची कागदपत्रं आणि कर्ज नवऱ्याच्या नावावर, म्हणून कंपनी त्याचा प्रवेश बंद करीना. गाडी ती चालवत होती, पण किल्ली कागदावर ज्याचं नाव, त्याच्याकडे.

यावर आवाज उठला. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला. छळातून सुटलेल्या बाईनं कागदपत्रं दाखवून मागणी केली, तर कंपनीनं कामकाजाच्या दोन दिवसांत त्या माणसाचा प्रवेश तोडला पाहिजे. गॅरेजच्या दारासारखंच झालं. सोय आधी, कायदा मागून. मधल्या वर्षांची किंमत या वेळी बायकांनी मोजली.

आपल्या दारात

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला टाटांची नेक्सॉन गाडी बनते. २०२३ च्या तिच्या विजेवरच्या नव्या आवृत्तीत गाडीतून बाहेर वीज देण्याची सोय आहे, ३.३ केव्हीएपर्यंत. दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर सहज चालतील एवढी. ती अजून मोजक्या घरांत असेल, पण वाट आपल्या शिवारापर्यंत आली आहे.

आणि पंपाची गोष्ट तर आपल्याकडचीच. शेतीच्या पंपाला वीज रात्री-अपरात्री यायची. काळोखात, विंचू-काट्यातून, साप-किरडातून चालत जाऊन मोटार चालू करायची. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र बनवलं. घरून फोन लावायचा, वीज आहे का ते कळतं, मोटार चालू करता येते. आता अशी बरीच यंत्रं मिळतात. हे मोठं सुख आहे, आणि ते सुख बाईचंही आहे. रात्री पाणी धरायला तीही जातेच.

पण हे यंत्र साधारणपणे ठरलेल्या नंबरांचंच ऐकतं. तो नंबर कुणाचा असतो? घरधनी बाजाराला गेला, मुलगा पुण्याला कामाला, आणि पिकाला पाणी द्यायचं तर बाईनं आधी त्यांना फोन लावायचा, मग त्यांनी मोटारीला. मोटार विहिरीवर, बाई बांधावर, आणि किल्ली पुण्यात!

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं एके काळी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. सातबाऱ्यावर तिचं नाव आलं की शेतात राबणारी बाई कागदावरही दिसू लागते. यंत्रातल्या नंबराचंही तसंच आहे. तो छोटा सातबाराच समजा.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत गटाचा हिशोब झाला की आणखी चार प्रश्न काढा. आपल्या पंपाच्या यंत्रात आपला नंबर आहे का? आपल्या घरातलं मीटर, गाडी, फोनचं सिम कुणाच्या नावावर आहे? दारात किंवा गल्लीत कॅमेरा असेल तर त्याचं चित्र कुणाच्या फोनवर दिसतं? आणि एखादं यंत्र नको झालं, विकलं किंवा माणूस सोडून गेला, तर त्याची किल्ली काढून कशी घ्यायची? उत्तर येत नसेल तर यंत्र बसवणाऱ्याला बोलवा आणि सगळ्या जणींसमोर करून दाखवायला लावा. एकीनं शिकून घेतलं की ती दहा जणींना शिकवते, हे आपल्याला नवं नाही.

सोय नाकारायची नाही. अंधारात मोटार चालू करायला जाण्यापेक्षा फोन बरा, आणि वादळात अंधारात बसण्यापेक्षा गाडीची वीज बरी. फक्त किल्ल्यांचा नवा जुडगा आला आहे. तो एका खुंटीला टांगून न ठेवता आपल्याही कमरेला असू द्या.